सोळा किलो शाळू

सातारा, रविवार

आज पाठीवर पूर्ण वजन घेऊन यवतेश्वरचा घाट चढले. सोळा किलो. सध्या सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या आहेत, प्रत्यक्ष धावेच्या वेळी त्यांच्या जागी शाळू असेल. मागच्या लेखांकात बेत सांगितलाच आहे: साताऱ्याहून सांगलीपर्यंत, सुमारे एकशेवीस किलोमीटर, हे ओझे घेऊन पळत-चालत जायचे. लोक किलोमीटरमागे जो आकडा कबूल करतील तो वहीत लिहून घ्यायचा आणि सगळी रक्कम ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला द्यायची. सांगलीकडे एका कारखान्याच्या तळावर काही शिक्षक शाळेची नोकरी सांभाळून हा वर्ग घेतात. त्यांना सौरदिवे हवेत, पाट्या-वह्या हव्यात आणि लांबच्या फडावरून मुलांना आणायला रिक्षाचे भाडे हवे.

साताऱ्यातल्या पळणाऱ्यांना हा घाट तोंडपाठ आहे. २०१२ पासून भरणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने देशभरच्या धावपटूंना त्याची ओळख करून दिली. शहरातून निघून कासच्या रस्त्याने वर जायचे आणि वळून त्याच रस्त्याने खाली यायचे, एकवीस किलोमीटर. मोकळ्या अंगाने मी तो बऱ्याचदा पळले आहे. ओझ्याने मात्र त्याच रस्त्यावरचा प्रत्येक चढ वेगळा लागतो.

सराव घेणारे सुभेदारकाका फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी पहाटेची वेळ चुकवत नाहीत. या जिल्ह्यात असा माणूस शोधावा लागत नाही. इथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये निघाली तीही साताऱ्यातच. फौजेच्या बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या परीक्षेत खांद्याला रायफल आणि अंगावर लढाईचे सामान घेऊन पाच किलोमीटर ठरावीक वेळेत पळावे लागे. काकांनी ती दरवर्षी दिलेली, त्यामुळे ओझ्याबद्दल ते बोलतात ते अंगावर काढलेले बोलतात.

"वजन खाली लोंबलं की कंबर गेली," ते म्हणाले आणि रस्त्याच्या कडेलाच माझी सॅक उघडून बसले. जड पिशव्या काढून त्यांनी वर, दोन खवाट्यांच्या मधोमध, पाठीला चिकटतील अशा बसवल्या. तळाला कपडे आणि पाणी. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर घट्ट, छातीचा पट्टा दोन बोटे जातील इतका सैल, आणि खांद्याचे पट्टे सगळ्यात शेवटी. सॅक तीच, वजन तेच, पण मान लगेच मोकळी झाली. उतारावर त्यांनी पळूच दिले नाही. "चढाला दम जातो, तो परत येतो. उताराला गुडघा जातो, तो येत नाही. पावलं बारकी टाक."

माझे वजन चोपन्न किलो. त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचे नाही, ही काकांची अट. म्हणून सोळा.

सातारा, शुक्रवार

गल्लीतले संक्रांतीचे हळदीकुंकू या वर्षी आमच्या घरी झाले. येताना प्रत्येकीने ओंजळभर शाळू आणायचा, असा निरोप दिला होता. दारात पाटी ठेवली. कुणी वाटीने आणला, कुणी पदराच्या टोकाला बांधून. समोरच्या आजींनी निवडून, पाखडून आणला होता आणि पाटीत टाकताना तळहात पूर्ण रिकामा होईपर्यंत बोटे झटकली. वाण्याच्या काट्यावर सोळा किलो भरून वर चार-पाच किलो उरला.

कर्मवीरांच्या गावात मूठमूठ धान्याचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातली मुले जगवायला घराघरांतून मूठभर धान्य गोळा व्हायचे. एकदा मुलांच्या ताटात घालायला काही उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. दान म्हणजे श्रीमंतांनी करायची गोष्ट, ही समजूत या मातीत शंभर वर्षांपूर्वीच मोडली.

तिळगूळ खाता खाता वही भरत गेली. किलोमीटरमागे एक रुपया, पाच रुपये, दहा रुपये. शेजारच्या सहावीतल्या मुलाने चार आण्यांचा आकडा लिहिला आणि लगेच गुणाकार करून सांगितले, "तीस रुपये होतात, मावशी. पूर्ण पळाल्या तरच." त्याचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर घेतला.

अतीत, बुधवार

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून उजाडायच्या आत निघालो. सोबतीला गल्लीतल्या दोघी, पाण्याची पिशवी घेऊन सायकलवर. काका खिंडवाडीपर्यंत आले, पट्टे एकदा तपासले आणि मागे वळले.

ओझे घेऊन पळणे म्हणजे दुडकी चाल. पाऊल फार उचलायचे नाही, सॅक पाठीवर आपटू द्यायची नाही. थोडे पळायचे, थोडे झपझप चालायचे, दम नाकाने घेता येईल इतपतच वेग ठेवायचा. महामार्गाच्या सेवारस्त्याने जाताना दुकानदार, टपरीवाले, शाळेची पोरे विचारत होती. 'ऊसतोड्यांच्या पोरांसाठी' एवढे सांगितले की पुढचे समजावावे लागत नव्हते. नागठाण्यात एका चहावाल्याने पैसे घेतले नाहीत, वर वहीत स्वतःच्या हाताने आकडा लिहिला.

मला वाटते, नुसती पावती फाडायला गेले असते तर हे झाले नसते. माणूस घाम गाळताना दिसला की समोरच्याचा हात आपोआप खिशाकडे जातो.

कराड, गुरुवार

खांद्यावर पट्ट्याखाली लाल वळ उठलेत. खोबरेल लावून, वर मऊ फडके घालून निघाले. उंब्रज मागे टाकून दुपारपर्यंत कराड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पाय पाण्यात सोडून बसले, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार केला आणि संध्याकाळी मोकळ्या पाठीने गोळेश्वरला जाऊन आले.

खाशाबा जाधवांचे हे गाव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ पदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सगळ्यांना पदक ठाऊक असते, मला त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट जास्त मोठी वाटते. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीत खाशाबांना गावी आणले गेले, आणि त्यानंतर या माणसाने काय केले, तर कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः लढून, प्राचार्यांचे घर सोडवले. दुसऱ्यांच्या पैशावर गेलेल्याने अंगमेहनतीने तो पैसा फेडला. प्रायोजक, पुरस्कृत धाव असले शब्द आज आपण वापरतो, पण त्यातला सचोटीचा भाग खाशाबांनी तेव्हाच घालून दिला. माझ्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे पैसे कुठे गेले ते लिहून परत कळवायचे, हे मी गोळेश्वरात ठरवले.

कासेगाव, शुक्रवार

आजच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस. वाठारच्या पुढे रस्त्यालगत एका फडात तोड चालू होती. ट्रॉली उभी, तिला तिरकी फळी लावलेली. मी सावलीला थांबले तेव्हा एक बाई मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढत होती. फळी वीतभर रुंद, उसाच्या रसाने आणि मातीने चिकट झालेली. पायात काही नाही. वर गेल्यावर मान किंचित झुकवून तिने मोळी बरोबर जागेवर टाकली आणि त्याच फळीवरून उतरली. पुढची मोळी नवऱ्याने बांधून ठेवली होती. मोळीचे वजन विचारले. "कुणी तोललंय? तीस, चाळीस असंल."

मग तिने मला विचारले, "ताई, तुमी कशापायी वझं घेतलंया?"

सांगितले. तिने हात पुढे करून सॅक उचलून बघितली, खाली ठेवली. "पोरास्नी शाळा होईल का ह्याच्यातून?" तिची मोठी मुलगी, आठ-नऊ वर्षांची, पाचटाच्या ढिगाजवळ धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. गावाकडे तिसरीत नाव आहे. दिवाळीनंतर टोळी निघाली, आता उन्हाळा लागताना परत.

नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबात ती दोन माणसे नसतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. पहाटे फडावर जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, गाडी भरायची. रात्री गाडी आली तर रात्री भरायची. वाढे विकून चार पैसे सुटतात तेवढेच रोख. या सगळ्यात लहान भावंडे सांभाळायला आणि पाणी भरायला मोठी मुलगीच लागते, म्हणून शाळा सुटते ती बहुधा तिची.

ओझ्यावर शास्त्रज्ञांनीही काम केले आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयु बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर नेतात तेव्हा त्यांची जास्तीची शक्ती जवळजवळ खर्च होत नाही, असे १९८६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चालण्याची लकब त्यांनी लहानपणापासून अंगात मुरवलेली असते. २००५ मध्ये नेपाळच्या हमालांवर अभ्यास झाला, तर पुरुष सरासरी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके आणि बायका वजनाच्या दोन-तृतीयांश ओझे घेऊन एव्हरेस्टच्या वाटेवरच्या बाजाराला जाताना दिसले. पण माझ्यासमोरची बाई पाचव्या हिश्शावर थांबत नव्हती. तिचे स्वतःचे वजन पंचेचाळीसच्या वर नसावे, आणि ती निसरड्या फळीवरून चढत होती. तिच्या लकबीचे कौतुक जरूर करावे, पण तिच्या मानेचे आणि गुडघ्यांचे आणखी दहा वर्षांनी काय होणार, हेही त्याच वेळी विचारावे. माझे ओझे मी रविवारी उतरवून ठेवणार आहे.

निघताना तिने उसाचे कांडे सोलून दिले. पैसे घेतले नाहीत.

आष्टा, शनिवार

पेठ नाक्यावरून महामार्ग सोडला. ईश्वरपूर, लोकांच्या तोंडी अजून इस्लामपूर. टाचेला फोड आला, त्यावर चिकटपट्टी लावून मोजा उलटा घातला म्हणजे शिवण टोचत नाही. रस्ता सपाट असल्याने वेग बरा पडला. उसाच्या ट्रॉल्या मागून येतात तेव्हा डांबरावरून खाली उतरून थांबावे लागते. जोडट्रॉलीला मागचे दिसत नाही, त्या रस्त्याने पायी जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

सांगली, रविवार, रथसप्तमी

तुंग, डिग्रज करत सांगलीवाडीला आलो तर सांगलीचे पंधरा-वीस पळणारे वाट पाहत उभे. त्यांच्यात हळदीच्या बाजारातले एक हमाल होते, सुट्टीचा दिवस म्हणून आलेले. सॅक बघून म्हणाले, "आमचं पोतं मानेच्या मुळाशी बसतं, आकडा मारून. पन्नास किलो." पोते शंभर किलोचे असायचे ते दिवसही त्यांनी पाहिले आहेत. ते वजन खाली आणायला हमालांना लढावे लागले. राज्यात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि ती चळवळ उभारणारे अण्णासाहेब पाटील आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. डोक्यावरून, पाठीवरून ओझे वाहणाऱ्याला मजुरी, निर्वाह निधी, रजा यांचा हक्क मिळू शकतो, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. उसाच्या फडातल्या बाईला ते अजून मिळायचे आहे.

आयर्विन पुलावरून नदी ओलांडली. १९२९ सालचा हा पूल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी इथे सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते, तेव्हा सांगलीकरांसाठी राज्यभरातून धान्य आले. गणपतीच्या देवळासमोर सॅक उतरवली. पाठ एवढी हलकी झाली की क्षणभर तोल गेला.

संध्याकाळी तळावर गेलो. कोप्यांच्या ओळीत एका दिव्याखाली वीसेक मुले, तिसरीची आणि सातवीची एकत्र. शाळू तिथल्या बायकांनी वाटून घेतला. एकीने मूठभर हातात घेऊन दाताखाली दाणा फोडून बघितला आणि म्हणाली, "चांगला हाय. भाकरी पांढरी व्हईल." वहीची बेरीज एक्केचाळीस हजारांवर गेली आहे. त्यातून दिवे आणि पाट्या या आठवड्यात येतील, उरलेले पैसे हंगाम संपेपर्यंतच्या रिक्षाभाड्याला.

वाचकांना एक विनंती आहे. हंगाम अजून संपलेला नाही. तुमच्या गावाजवळ टोळी उतरली असेल तर तिथे जा आणि किती मुले शाळेच्या वयाची आहेत ते विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून किंवा उशीर झाला म्हणून शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांपर्यंत जायला तुम्ही हवे आहात, आणि त्यासाठी एक सकाळ पुरते.