जन्म काशीचा, कायाकल्प पतियाळाचा

पतियाळा म्हटलं की आईला घोळदार सलवार आठवते, बाबांना तिथली राष्ट्रीय क्रीडा संस्था. पण मित्रांनो, स्टेशनवर गेल्यावर आपला डबा सोडून आधी इंजिन बघायला धावणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर पतियाळा तुमचंही गाव आहे. दिल्लीहून अंबाला ओलांडून राजपुऱ्याला यायचं आणि तिथून भटिंड्याकडे जाणारा फाटा धरायचा. दोन्ही बाजूंना सपाट शेतं. सह्याद्रीतल्या गाड्यांची सवय असलेल्या माणसाला अगदी चुकल्याचुकल्यासारखं होतं. ना बोगदा, ना घाट!

या गावाचं रेल्वेशी नातं जुनं आणि थोडं विक्षिप्तच आहे. १९०७ साली पतियाळा संस्थानात चक्क एका रुळावरून धावणारी गाडी सुरू झाली. तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठं चाक थेट रस्त्यावर टेकलेलं. साइडकार लावलेली मोटरसायकलच म्हणा ना! तिचं एक वाफेचं इंजिन अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने पुन्हा चालतं केलं. ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलंय.

पण आपण आलोय डिझेल इंजिनांसाठी. १९८१ साली रेल्वेने इथे एक कारखाना काढला. आधी त्याचं काम इंजिनांचे सुटे भाग बनवण्याचं. मग जुनी इंजिनं सोलून पुन्हा उभी करण्याचं काम इतकं वाढलं, की २००३ मध्ये त्याचं नावच ‘डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्स’ ठेवण्यात आलं.

इथे येणारा पेशंट बहुतेक वेळा एकच, डब्ल्यूडीएम-२. नावाला घाबरू नका. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे मिक्स्ड, प्रवासी गाडी असो की मालगाडी, दोन्ही ओढणार. कोयना एक्सप्रेसने कोल्हापूरला गेलेल्या बाबांना विचारा, त्यांनी हे इंजिन ऐकलेलं असणार. नुसतं उभं असलं तरी त्याचं ढुग-ढुग-ढुग चालू असायचं, आणि निघताना काळ्या धुराचा असा लोट सोडायचं की पांढरा शर्ट घातलेली माणसं मागे सरकायची.

हा धूर का यायचा? ड्रायव्हर नॉच वाढवतो तेव्हा डिझेल लगेच वाढतं, पण हवा कोंबणारा टर्बोचार्जर वेग घ्यायला थोडा वेळ लावतो. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. आणखी एक गंमत म्हणजे हे डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही! ते फिरवतं जनरेटर. जनरेटरची वीज जाते खालच्या सहा मोटरींना, आणि चाकं फिरवतात त्या मोटरी. म्हणजे डिझेल इंजिन हे खरं तर स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन धावणारं विजेचंच इंजिन.

हे घराणं मूळचं अमेरिकेचं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टेडी गावच्या ‘अल्को’ कंपनीचं. १९५७-५८ मध्ये तिथून डब्ल्यूडीएम-१ जातीची शंभर इंजिनं आली. पुढे फुगीर नाक, ड्रायव्हरची केबिन एकाच टोकाला. पुढचं छान दिसायचं, पण उलट्या दिशेने चालवायची पंचाईत! त्यानंतरच्या डब्ल्यूडीएम-२ ला नाक उरलं नाही. यंत्रं मावतील एवढी अरुंद पेटी आणि बाजूने चालायला फळी, असं आटोपशीर अंग झालं. केबिन एका टोकाजवळच राहिली, पण तिला दोन्हीकडे खिडक्या आल्या. इंजिन न वळवता दोन्ही दिशांना चालवता येऊ लागलं. ३ जानेवारी १९६४ रोजी वाराणसीच्या कारखान्यातलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत अल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं. आपल्याकडे मात्र ती बनतच राहिली. डब्ल्यूडीएम-२ एकट्यानेच अडीच हजारांचा आकडा ओलांडला.

तर असं इंजिन साधारण अठरा वर्षांचं झालं की पतियाळाला यायचं. (माणूस ज्या वयात मतदान करू लागतो, त्या वयात याला कायाकल्प!) आत आलं की सोलणं सुरू. केबिन, इंजिन, जनरेटर, चाकं, वायरी, सगळं उतरवलं की उरते फक्त लोखंडी चौकट. ती नीट करून तिच्यावर पुन्हा सगळा संसार मांडायचा. जुन्या डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर यायचा, त्यामुळे ब्रश झिजण्याची कटकट कमी. जास्त हवा देणारा टर्बोचार्जर बसायचा. सोळा सिलिंडर तेच, पण ताकद २६०० अश्वशक्तीवरून ३१०० वर. म्हणूनच नवं नाव डब्ल्यूडीएम-३ए. तीन म्हणजे तीन हजार आणि ‘ए’ म्हणजे वरचे शंभर.

एक गोष्ट मात्र पतियाळालाही बदलता आली नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची होती. ड्रायव्हर बसायचा तिथेच! इंजिनाची लांबी सतरा मीटर. लांब तोंड पुढे करून गाडी निघाली, की ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर ती लांबलचक पेटी. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला असिस्टंट. एकाला दिसणारा सिग्नल दुसऱ्याला दिसेलच असं नाही, म्हणून दोघं मोठ्याने एकमेकांना सिग्नलचा रंग सांगणार. वाफेच्या इंजिनांवर तयार झालेल्या ड्रायव्हरांना याचं नवल नव्हतं. ते आयुष्यभर बॉयलरच्या आडूनच बघत आले होते. पण धुक्यात, पावसात, फाटकाजवळ गुरं असताना काय होत असेल, विचार करा.

हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. काही डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचं आखूड तोंड रुंद करून त्याला मोठ्या खिडक्या लावून पाहिल्या. रेल्वेप्रेमी त्यांना ‘जंबो’ म्हणतात. पण दृश्य सुधारलं एकाच बाजूचं. पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या रचनेचं, ४००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीपी-४ आलं. तेही एकाच केबिनचं! ड्रायव्हरांची तक्रार तीच राहिली. अखेर २०१० नंतर त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीपी-४डी आलं, दोन्ही टोकांना केबिन घेऊन.

तोवर डिझेलचेच दिवस भरत आले होते. वाराणसीच्या कारखान्याने तर कायाकल्पाची कमालच केली. २०१८ मध्ये २६०० अश्वशक्तीच्या दोन जुन्या डिझेल इंजिनांमधलं डिझेल इंजिन काढून टाकलं, विजेची यंत्रं बसवली आणि दोघांना कायमचं जोडून दहा हजार अश्वशक्तीची जोडगोळी बनवली. पाठीवरचं वीजघर उतरलं, वीज वरच्या तारेतून आली! पतियाळाचा कारखानाही आता विजेची इंजिनं बनवतो. २०२२ पासून त्याच्या नावात ‘डिझेल’ हा शब्दही नाही.

तरी एखाद्या यार्डात असं जुनं इंजिन उभं दिसलं, तर केबिनच्या बाजूला रंगवलेला नंबर शेवटपर्यंत वाचा. आकड्यांच्या मागे इंग्रजी ‘आर’ असेल, तर ते पुन्हा बांधलेलं आहे. मग फळीखालची चौकट नीट बघून घ्या. बाकी सगळं बदललेलं असलं, तरी तेवढी पहिल्या जन्मातली आहे.