सातव्या पिढीचा दाखला

आपल्या धर्मशास्त्रकारांनी सापिंड्याची मर्यादा पित्याकडून सातव्या आणि मातेकडून पाचव्या पुरुषापर्यंत घालून दिली, तेव्हा त्यांच्यापुढे विवाह, सुतक आणि श्राद्ध एवढेच प्रश्न होते. त्याच सात या आकड्याला पुढे कधी काळी परराष्ट्रव्यवहारात स्थान मिळेल आणि भारताच्या राष्ट्रपती परक्या राजधानीत तो जाहीर करतील, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते. मार्च 2024 मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनासाठी गेलेल्या द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुईस येथे तशी घोषणा केली खरी. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या माणसांना ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळण्याची विशेष तरतूद झाली. सुरिनामच्या बाबतीत ही मर्यादा त्याआधी जून 2023 मध्ये चौथ्या पिढीवरून सहाव्यापर्यंत सरकली होती. इकडे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्य पाच आणि तीन पिढ्यांवर आणून ठेवले, आणि तिकडे सरकारदरबारी नात्याची दोरी अशी लांबत गेली, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

सर्वसाधारण नियम पणतूपाशी थांबतो. 26 जानेवारी 1950 रोजी जो भारताचा नागरिक होण्यास पात्र होता, किंवा त्यानंतर केव्हाही नागरिक होता, किंवा 15 ऑगस्ट 1947 नंतर भारतात सामील झालेल्या गोव्यासारख्या प्रदेशाचा होता, त्याचे मूल, नातू वा पणतू असल्याचे कागदोपत्री सिद्ध करणाऱ्या परदेशस्थ नागरिकाला हे कार्ड मिळते. या योजनेचा आरंभ जानेवारी 2006 मध्ये हैदराबादेच्या प्रवासी भारतीय दिवसाच्या वेळी झाला. तत्पूर्वी 1999 साली ‘पीआयओ’, म्हणजे भारतीय वंशाच्या व्यक्तीचे, कार्ड निघाले होते आणि त्याचे शुल्क प्रारंभी 1000 डॉलर होते. ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून काढले होते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या माणसाचा आजा बहुधा स्वतंत्र भारताचा नागरिकच असतो. पण ज्याचा पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांकडे गेला, त्याच्या बाबतीत पणतूची पिढी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेच जन्मून गेली होती. म्हणजे ज्यांचे स्थलांतर सर्वांत जुने आणि सर्वांत कष्टाचे, नेमके तेच नियमाच्या बाहेर उभे होते.

मॉरिशसला गिरमिटियांचे पहिले जहाज नोव्हेंबर 1834 मध्ये लागले, आणि 1920 पर्यंत सुमारे पाच लाख माणसे पोर्ट लुईसच्या ज्या घाटावर उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांत रत्नागिरीकडची आणि सावंतवाडी संस्थानातलीही माणसे होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून वेगळे ओळखले जातात आणि गणेश चतुर्थी ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी आहे. घाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद कारकून एका भल्या थोरल्या रजिस्टरात करी: अनुक्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गाव. ही रजिस्टरे आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जपून ठेवलेली आहेत, आणि वंशावळ सिद्ध करू पाहणाऱ्याला अखेर तिथलाच उतारा काढावा लागतो.

हे रजिस्टर माणसाच्या सन्मानासाठी लिहिलेले नव्हते. उंची आणि व्रण यांची नोंद, मळ्यातून पळालेला मजूर पकडला गेल्यास तो हाच, याची खातरजमा व्हावी म्हणून होती. पुढे 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगणे सक्तीचे केले. रस्त्यात शिपायाने हटकले आणि तिकीट नसले, की भटक्या म्हणून कोठडी ठरलेली. या जाचाविरुद्ध 1871 साली अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याच्या पुढाकाराने 9,401 मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला आणि त्यातून पुढे राजेशाही चौकशी आयोग नेमला गेला. ज्या कागदाच्या धाकाने पणजोबाच्या पणजोबाने रस्ता चुकवला असेल, त्याच दप्तरातील कागदाची प्रमाणित प्रत हाती घेऊन त्याचा वंशज आज दुसऱ्या एका ओळखपत्राच्या रांगेत उभा आहे, आणि हा कागद मिळाला तर तो हर्षभरित होतो. जुलमाने केलेल्या नोंदीइतकी चिवट नोंद दुसरी नसते, असे कधी कधी वाटते. कारण जे स्वखुशीने, स्वतःच्या भाड्याने, तांडेलाच्या ओळखीने गेले, त्यांचे नाव या दप्तरात शोधूनही सापडायचे नाही.

असा एक उतारा काही काळापूर्वी मी जवळून पाहिला. मॉरिशसमधल्या व्हाकोआहून आलेले एक निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, मराठी जपून जपून बोलणारे, माझ्या एका स्नेह्यांकडे उतरले होते, आणि उताऱ्यातील गावाचे नाव वाचून द्यावे म्हणून तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पूर्वजाच्या नावापुढे आडनाव नव्हते, बापाचे नाव तेवढे होते. ते बापाचे नावच पुढे फ्रेंच वळणाच्या अक्षरांत थिजून घराण्याचे आडनाव होऊन बसले होते. उंची पाच फूट दोन इंच, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यात मात्र इंग्रजी ‘कोल’ एवढे स्वच्छ आणि पुढे शाईचा फराटा. मालवणचे कोळंब, कणकवलीचे कोळोशी, सावंतवाडीचे कोलगाव, तिन्ही गावे त्या फराट्यात मावत होती, फक्त कोलगाव संस्थानी मुलखातले, तेव्हा जिल्ह्याच्या नावाशी त्याचे जमत नव्हते. अर्थात त्या काळच्या कारकुनाने तेवढा विवेक केला असेलच, असे कोण सांगणार?

तिन्ही गावे त्यांना दाखवावी म्हणून स्नेही त्यांना घेऊन निघाले, मीही बरोबर होतो. एका गावी, देवळाच्या पायरीवर बसलेल्या वृद्ध गृहस्थांना सारी हकिकत सांगितली. त्यांनी उतारा हातातही घेतला नाही. “आडनाव रवांदेत,” ते म्हणाले, “तुमचो देव खंयचो तां सांगा.” आमचे पाहुणे क्षणभर गडबडले, मग घरच्या गोंधळात आई ज्या क्रमाने देवतांना हाक मारीत असे, त्या क्रमाने त्यांनी नावे घेतली, त्यातली दोन वृद्धाला ओळखीची वाटली, एक मुळीच नाही, आणि एकीचा उच्चार इतका झिजला होता की त्यावर त्या दोघांचा बराच वेळ वाद रंगला. निर्णय काही लागला नाही. तथापि त्या अर्ध्या तासात पाहुण्यांची जी रुजुवात झाली, ती कोणत्याही उच्चायोगाच्या खिडकीशी झाली नसती, एवढे मी खात्रीने म्हणेन. उच्चायोगाला हवी असते ती जन्ममृत्यूंच्या दाखल्यांची अखंड साखळी. आणि केवळ धर्मविधीने लागलेली लग्ने त्या काळी सरकारी बुकात चढतच नसल्यामुळे ती साखळी अनेक घरांत एखाद्या आजीपाशीच तुटते.

कार्ड पदरात पडल्यावर मिळते काय? आजन्म व्हिसा, येण्याजाण्याची मोकळीक, राहण्याची आणि बहुतेक कामधंद्याची मुभा. मिळत नाही ते मत, घटनात्मक पद, सामान्यतः सरकारी नोकरी आणि शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार. पत्रकारिता, संशोधन किंवा गिर्यारोहण करायचे तर 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे विशेष परवानगी हवी. ‘आधार’ हवे तर आधी बारा महिन्यांत 182 दिवस इथे वास्तव्य हवे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला ती अट आता नाही. मला या व्यवस्थेत आपल्या जुन्या गावगाड्याची स्पष्ट छाया दिसते. देशावरच्या गावात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. उपरी गावात राही, जमीन कसे, सारा भरी, पण गोतसभेत त्याला आवाज नसे आणि जमिनीवर त्याचा वंशपरंपरागत हक्क लागत नसे. उलट मिरासदार दुष्काळाने वा दंग्याने परागंदा झाला, त्याची जमीन दुसरा कसू लागला, तरी तो किंवा त्याचा वारस परत येऊन मिराशीवर दावा सांगू शके. आपल्या सरकारने या दोहोंचा अजब मिलाफ केला आहे: अर्जदाराकडून पुरावा मागायचा तो मिरासदाराचा, आणि मंजूर करायचा तो हक्क उपऱ्याचा.

मताधिकार द्यावा, असे माझे म्हणणे नाही. जो इथला कर भरत नाही, इथल्या पाणीटंचाईत रांगेला उभा राहत नाही, त्याने इथले सरकार निवडू नये, हे मला रास्तच वाटते; ‘नागरिक’ हे नाव त्या कार्डावर घालण्याची हौस तेवढी टाळायला हवी होती. 2015 च्या दुरुस्तीने कायद्यात त्या नावापुढे ‘कार्डहोल्डर’ असे शेपूट जोडले, तेव्हा कायदे लिहिणाऱ्यांनाही ते खटकले असावे, असा माझा समज आहे.

मला खटकते ते निराळेच. ही मोजणी वरकरणी रक्ताची दिसते. तिची दोरी कुठे सैल सोडायची आणि कुठे आखडायची, हे मात्र राज्याचा इतिहास ठरवतो. कराचीत आजही मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्या घरी गणपती बसतो, आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव तिथली जुनी शाळा अजून चालवते आहे. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असल्यामुळे मुंबईहून बदलीवर तिकडे गेलेल्या कारकुनाला आपण परदेशी निघालो असे वाटण्याचे कारणच नव्हते; त्याने गिरमिट लिहून दिले नाही, समुद्रापलीकडच्या बेटावर अंगठा उठवला नाही. पण जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप, आजेआज्या वा पणजेपणज्या यांपैकी कोणीही पाकिस्तानचा वा बांगलादेशाचा नागरिक आहे किंवा कधी होता, त्याची नोंदणी करता येणार नाही, असे नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ चे परंतुक सांगते, आणि त्या कारकुनाच्या पणतूचा अर्ज, वंशावळ कितीही चोख असली आणि गाव कितीही स्वच्छ अक्षरात लिहिलेले असले, तरी त्या ओळीपुढे जात नाही.