जामीनदार

शहर वाढलं की तुरुंगही वाढवला पाहिजे, हा हिशेब सगळ्यांना सरळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

आमचं ताथवडे 2009 साली महापालिकेत आलं. शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले, टॉवर बांधणारे लातूर-सोलापूरकडून, बिहारातून आले आणि पत्र्याच्या खोल्यांत राहिले. 2018 साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही मिळालं. पण इथला कच्चा कैदी जातो तो येरवड्यालाच. 1871 सालचा तो तुरुंग. क्षमता अडीच हजारांच्या आत आणि गेल्या काही वर्षांत माणसं सहा हजारांच्या वर. म्हणून नव्या इमारतींच्या योजना निघतात. बरॅकी हव्यातच, माणसाला पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पण आत एवढी माणसं का, हा प्रश्न नकाशावर कुठे दिसत नाही. देशातल्या दर चार बंद्यांपैकी जवळजवळ तिघांचा खटला अजून चालूच आहे.

आमच्या गल्लीतल्या एक खाला मागच्या वर्षी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. मुलावर चोरीचा आळ होता. जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला, तरी मुलगा आतच. "भाईजान, जामिनदार लोकल मंगते. हमारा घर तो गाँव में है," त्या म्हणाल्या. ऐपतीचा दाखला कुठून आणणार? खोली भाड्याची, करारही तोंडी.

मोतीराम नावाच्या गवंड्याचं असंच झालं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या हुसैनारा खातूनच्या नावाने खटला गाजला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. आपल्या मुलींना हे नाव शाळेत कुणी सांगत नाही, ते असो.

कायदे आता पुष्कळ आहेत. जामीन मिळून महिनाभरात माणूस सुटला नाही, तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये म्हटलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. जुलै 2024 पासून, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पूर्वी शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं आहे. खालांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टाटा समाज विज्ञान संस्थेने राज्यातल्या मुस्लिम बंद्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांची ती पहिलीच अटक निघाली होती. अशांना माहिती कोण देणार?

मी जामीनदार म्हणून उभा राहिलो. घरात दोन दिवस अबोला होता. मुलगा पळाला तर फ्लॅटचं काय, हा बायकोचा प्रश्न चुकीचा नव्हता. मुलगा आजवर एकही तारीख चुकलेला नाही.

आपण जकातीचे आठ हिस्से पाठ म्हणतो. त्यात मान सोडवण्याचा एक आहे. तो गुलामांसाठी होता, हे मौलाना मला सांगतातच. गेल्या महिन्यात जमातीच्या बैठकीत मशिदीच्या वरच्या मजल्याचा विषय होता. तो संपल्यावर मी जामीनदारांची यादी करायचं सुचवलं. थोडा वेळ सगळे पंख्याकडे पाहत होते. मग सहा नावं आली. त्यांतली दोन बायकांची आहेत, फ्लॅट त्यांच्या नावावर आहेत म्हणून.