दारातली गाडी आणि सावडीची सहल

अलीकडे गावोगाव फिरताना पीकपाण्याच्या प्रश्नांबरोबर एक नवाच प्रश्न माझ्यापुढे येऊ लागला आहे. मागे माळशिरस तालुक्यातले एक डाळिंब बागायतदार मला म्हणाले, "रावसाहेब, यंदा बागेनं साथ दिली. पोरगा म्हणतो, झोपायला बाकडी, स्वयंपाकाचा ओटा, संडास-मोरी सगळं आतच असलेली गाडी बांधून घेऊ. लॉजचं भाडं नाही, हॉटेलचं बिल नाही. फुकटात देश बघून होईल. तुमचं काय मत?"

ट्रॅक्टर घ्यावा का, असे कुणी विचारले म्हणजे मी जमीन किती आणि वर्षातून तास किती चालणार, हे आधी विचारतो. याही गाडीला तोच नियम लावायचा. तिथेच ओसरीवर वही काढली आणि दोघे हिशेबाला बसलो. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. आपल्या भागातले भाव घालून ज्याने त्याने ताळा करावा.

गाडी वीस लाखांची धरू. कर्जावर दहा टक्के व्याज म्हणजे पहिल्या वर्षी दोन लाख. दहा वर्षांनी ती पाच लाखांना विकली जाईल असे धरले, तर दरवर्षी दीड लाख घसारा. विमा, कर, टायर, बॅटरी, देखभाल मिळून पाऊण लाख. एकूण झाले सव्वाचार लाख. हा खर्च गाडी दारात उभी असली तरी चुकत नाही. बैलाला काम नसले तरी वैरण लागतेच, तसेच हे.

आता प्रश्न, वर्षातून ही गाडी किती दिवस फिरणार? शेतकऱ्याला सवड कधी, तर रब्बीची मळणी उरकल्यावर आणि वळवाच्या आधी चार दिवस, नाहीतर दिवाळीनंतर चार दिवस. पुष्कळ केले तरी दहा दिवस. सव्वाचार लाख भागिले दहा, म्हणजे एका दिवसाला साडेबेचाळीस हजार, आणि यात डिझेलचा थेंब नाही, टोल नाही. हीच गाडी वर्षात शंभर दिवस भाड्याने फिरली तर तोच आकडा सव्वाचार हजारांवर येतो. म्हणून ती धंदेवाल्याला परवडते, दहा दिवसांच्या मालकाला नाही. शिवाय साधी गाडी गॅरेजात नेऊन मनाजोगी बदलून घेता येत नाही. आर.टी.ओ.ची मंजुरी लागते. ती नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते.

बागायतदार आकड्याकडे बघत गप्प बसले. आतून त्यांच्या घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं गणित मला कळत नाही. पण गाडीत ओटा असणार म्हंजे तिथंबी भाकरी मीच थापायच्या ना? मग ते घरच की चाकावरचं!"

वहिनींचे वय पन्नाशीचे. माहेर, सासर, पंढरपूर आणि एकदा अकलूजचा दवाखाना, एवढाच त्यांचा प्रवास. समुद्र पाहिलेला नाही. आमच्या हिशेबात जी रकमेची ओळ राहिली होती ती त्यांनी भरली. चूल बरोबर नेली की खर्च वाचतो हे खरे, पण तो कुणाच्या हातांनी वाचतो हेही लिहायला हवे.

खरे तर स्वस्तातले फिरते घर आपल्या लोकांना शिकवायला नको. माळशिरस तालुक्यातून माऊलींची आणि तुकोबांची, दोन्ही पालख्या जातात. प्रत्येक दिंडीमागे ट्रक असतो. तंबू, अंथरूण, भांडी, शिधा सारे त्यात. वारकरी आपल्या वाट्याची भिशी भरतो आणि रात्री त्याला ताट आणि निवारा मिळतो. ट्रक कुणा एकाचा नसतो, खर्च मात्र सगळ्यांचा असतो. आणि कितीतरी दिंड्यांत मोठ्या पातेल्यांसमोर बाप्येच उभे असतात.

तोच नमुना पुढे ठेवून आम्ही चार घरांची मिळून चौदा माणसे गोळा केली. त्यात माझे घरही होते. सतरा आसनांची गाडी भाड्याने ठरवली. दर किलोमीटरला 24 रुपये, रोजचे किमान 300 किलोमीटर, पाच दिवस. म्हणजे 1,500 किलोमीटरचे 36,000. चालकाचा भत्ता 2,500, टोल आणि पार्किंग 3,500. एकूण 42,000, माणशी 3,000. वाचकहो, जुळवून पाहा. स्वतःची गाडी एक दिवस वापरण्यासाठी जे पडत होते, त्यात चौदा माणसांचा पाच दिवसांचा प्रवास झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमची गाडी प्रत्यक्षात हजार किलोमीटरही चालली नाही, पण रोजच्या किमान अंतराचे भाडे द्यावेच लागले. एका जागी दोन दिवस मुक्काम असेल तर उभ्या गाडीचा दर आधी ठरवून, कागदावर लिहून घ्यावा. प्रवासी परवाना आणि विमा डोळ्यांनी पाहावा. मालाच्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका-पोरे बसवून घाट उतरू नये. वाचलेले भाडे एका वळणावर महागात पडते.

फलटण, सातारा, कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि तिथून गणपतीपुळे असा मार्ग होता. मुक्काम धर्मशाळेत आणि भक्तनिवासात. घरचे पीठ, तांदूळ, डाळ, शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. एक वेळ बाहेर जेवायचे, एक वेळ आपण करायचे आणि ते पुरुषांनी करायचे, असे निघण्याआधीच ठरले. गॅसची शेगडी गाडीत पेटवायची नाही, खाली उतरून मोकळ्यावर पेटवायची, हाही नियम. दिंडीत स्वयंपाक केलेले एक काका आमचे आचारी. खिचडी एक दिवस लागली, पण कुणी नाव ठेवले नाही.

गणपतीपुळ्याला वहिनी देवळापाशी वाळूत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी सगळ्यांना सांगितले होते की इथला समुद्र फसवा आहे, घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाही. त्या पुढे गेल्याच नाहीत. नुसत्या बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् एक सरी भिजंना!" आमच्या दुष्काळी भागातल्या बाईशिवाय हे कुणाला सुचणार?

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात गेलो. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि खोडावर चढवलेली काळी मिरी पाहून बागायतदारांनी वही मागितली. आपल्या हवेत मिरी येणार नाही, पण एका जमिनीत तीन मजल्यांचे उत्पन्न घेण्याची रीत डोळ्यांनी पाहिलेली बरी. परतताना आंबा घाटाने कोल्हापूर करून घरी.

या सहलीतला अवघड खर्च पैशाचा नव्हताच. तो होता गोठ्याचा. दुभती म्हैस चार दिवस कुणाच्या भरवशावर सोडायची? अनोळखी हाताला ती पान्हा सोडत नाही. पेरणीला आपण सावड करतो तशीच ही करावी लागली. गावातल्या दुसऱ्या चार घरांनी आमची गुरे सांभाळली. निघण्याआधी आठवडाभर त्यांची माणसे धारेला येऊन बसत होती, म्हणून जनावरांना सवय झाली. पुढच्या वर्षी ती घरे जातील आणि गुरे आम्ही पाहू. ही सावड जमली नाही तर वीस लाखांची गाडीसुद्धा अंगणातून हलणार नाही.

ज्यांना एवढेही जमत नाही त्यांना एस.टी. आहे. राज्यात 75 वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवासाची सवलत 2022 साली आणि महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत 2023 साली सुरू झाली. "आवडेल तेथे प्रवास" या पासावर ठराविक दिवस हवे तितके फिरताही येते.

चाकावरच्या घराचा नाद तरुणांनी अगदीच सोडावा असे मात्र मी म्हणत नाही. राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचे आणि 2021 साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आणले. ज्याचे शेत रस्त्याला, यात्रेच्या किंवा पर्यटनाच्या वाटेवर आहे, त्याने गाडी घेण्यापेक्षा शहरातून येणाऱ्या गाड्यांना उतरायला जागा द्यावी. सपाट जमीन, नळ, विजेची जोडणी, स्वच्छ संडास, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि चुलीवरची भाकरी. उतरंड लहान ठेवावी, गिऱ्हाईक वाढले तर वाढवावी.

बागायतदारांनी गाडीचा विचार सोडून ते पैसे शेततळ्याच्या अस्तरीकरणाला आणि ठिबकला लावले. वहिनींनी मात्र बचत गटात नवी वही सुरू केली आहे. माणशी महिना अडीचशे रुपये. बारा महिन्यांचे तीन हजार. वहीवर त्यांच्या मुलीने नाव घातले आहे "सहल". आपल्या गावात अशी वही नसेल तर येत्या बाजारच्या दिवशी घालावी आणि पहिले नाव घरातल्या बाईचे लिहावे.