आष्टीची वाट आणि भाच्याची मोटार

आष्टीला आगगाडीने जावे, असे माझे प्रांजळ मत होते. अहिल्यानगर (आम्ही मंडळी बोलताना अजून नगरच म्हणतो) ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात गाडी थेट बीडला पोहोचली. इतकी वर्षे वाट पाहायला लावलेल्या गाडीत भाऊबीजेला ऐटीत बसून अक्काकडे जावे, एवढीच माझी माफक इच्छा. पण भाचा पुण्याहून स्वतःची मोटार घेऊन दारात हजर झाला. मोटार जुन्या बाजारातली. दिसायला मोठी चपळ, आत शिरायला मात्र माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाला योगासनांचा सराव हवा.

चिचोंडी पाटील मागे पडेपर्यंत त्याने मला मोटारीचा इतिहास सांगितला आणि कडा येईपर्यंत तिचे भविष्य. भविष्यात मुख्यतः ब्रेक होते. पुढच्या चाकांना मोठ्या, भोकाभोकांच्या डिस्क, त्यांवर लालभडक कॅलिपर, आणि शर्यतीच्या मोटारींत वापरतात तसले पॅड. खर्च विचारला तर म्हणाला, "तीन पगार, मामा."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी उभी होती. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा; इथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, तोही घाईतला. विषय बदलावा म्हणून मी त्याला सांगितले, की शेख महंमदांचे वाहिरा याच आष्टी तालुक्यातले, आणि त्यांच्या 'योगसंग्रामा'तली लढाई आहे ती आपल्याच विकारांशी. भाचा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे ब्रेकच की!" वर्गातल्या मुलांपेक्षा हे उत्तर बरे, असे मला वाटून गेले.

भाऊबीजेच्या दुपारी जेवणे झाल्यावर सौताड्याचा बेत ठरला. जामखेडवरून पुढे गेले की रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो आणि वर सौताडा लागते. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली दरीत झेप घेते. दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. निघताना दाजींनी ओट्यावरून एकच सूचना केली, "ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा." दाजींनी उमेदीत जुनी फियाट चालवलेली. तिच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे घाट उतरण्याचे शास्त्र त्यांना पायाने ठाऊक. भाचा हसला. नव्या मोटारीला जुने शास्त्र कशाला?

धबधबा पाहिला, देवदर्शन झाले. परतताना मागे अक्का, पुढे मी. उतार लागला तसा भाचा वळणापर्यंत सुसाट जायचा आणि ऐनवेळी ब्रेक दाबायचा. दोन-तीन वळणे गेली आणि काही जळल्याचा वास आला. अक्का म्हणाली, "कुणी पाचट पेटवलंय वाटतं." पुढच्या वळणाआड एक ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात, त्यांतलेच एक. भांडी, गोधड्या, शेळी, आणि सगळ्यांच्या वर बसलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी.

भाच्याने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला.

त्याचा चेहरा मी पाहिला आणि घशातला शब्द घशातच राहिला. त्याने पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, गिअर खाली ओढला, हाताचा ब्रेक हळूहळू वर घेतला. मोटार कण्हत कण्हत ट्रॉलीमागे तीन-चार हातांवर थांबली. मुलीने आमच्याकडे पाहून हात हलवला. तिला काही कळलेच नव्हते. ट्रॅक्टर पुढे गेला. आम्ही रस्त्याच्या कडेला तासभर बसलो, मग दुसऱ्या गिअरात, गोगलगायीच्या चालीने आष्टीला आलो.

संध्याकाळी अक्काने मला ओवाळले. ताटात घातलेली नोट तिने उचलली, पोराच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सकाळी आधी गाडी दाखव. मग लाल-निळं काय लावायचं ते लाव."

आष्टीच्या मिस्त्रीने झाकण उघडून ब्रेक ऑइल बोटावर घेतले. चहासारखे काळे! हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही; पाणी मुरले की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पाय तळाला जातो. पहिल्या मालकाने ते केव्हा बदलले होते, देव जाणे. दोन वर्षांनी बदलावे असा साधारण नियम.

आणि उष्णता थोडीथोडकी नसते. ताशी ६० वरून थांबताना जेवढी निघते, त्याच्या पावणेतीन पट ताशी १०० वरून थांबताना. मोटार लहान असो वा मोठी, शंभर मीटर उंची नुसत्या ब्रेकवर उतरायची म्हणजे ताशी १०० वरून अडीच वेळा थांबण्याइतकी उष्णता त्या डिस्कनी गिळायची. दाजींचा गिअर तीच उष्णता इंजिनावर वाटून देतो.

"मग मोठ्या डिस्क बऱ्याच ना?" भाच्याने चिवटपणे विचारले.

"घाटात पुनःपुन्हा तापायला बऱ्या," मिस्त्री म्हणाला. "पण एकदाच कचकन थांबायचं तर गाडी ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतं. ब्रेक नुसतं चाक धरतो. तुमचं टायर बघा, गुळगुळीत झालंय."

मग त्याने एकेक खुलासा केला. शर्यतीचे पॅड तापल्यावर चावतात. सकाळी थंड मोटार गल्लीतून काढताना समोर पोर आले तर तेच पॅड घसरतात. पुष्कळ पॅडांच्या पाठीवर दोन अक्षरे असतात, एफएफ किंवा जीजी. पहिले साधारण तापमानाची पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. रस्त्यावरच्या मोटारीला दोन्ही सारखी असलेली बरी. भोके पाडलेल्या डिस्कला तडे जाण्याची भीती. पुढचेच ब्रेक थोराड केले तर मागच्या-पुढच्यांचा तोल बिघडतो, आणि मोठी डिस्क जुन्या चाकात मावत नाही ते वेगळेच. शिवाय मूळ बनावटीत मनमानी बदल केला तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते.

डिस्क ब्रेकचा मान शर्यतीनेच वाढवला, हे खरे. लँचेस्टर या इंग्रज गृहस्थाने १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली. पण त्या रस्त्यावर ऊसतोडीची ट्रॉली नव्हती.

अखेर भाच्याने काय घेतले? नवे ब्रेक ऑइल, त्याच मोटारीसाठी बनवलेले चांगले पॅड, आणि पुण्याला गेल्यावर चार उत्तम टायर. तीन पगारांतले दोन वाचले. पॅड बसवल्यावर मिस्त्रीने त्याला मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक दाबत फिरवून आणले. नवा पॅड आणि जुनी डिस्क यांची ओळख व्हावी लागते म्हणे, नव्या सुनेसारखी.

परतताना कड्याजवळ पुन्हा एक ट्रॉली पुढे आली. रस्ता मोकळा होता, पुढे जाता आले असते. भाच्याने वेग कमी केला आणि बराच वेळ तिच्या मागून, भरपूर अंतर राखून चालवत राहिला. मी काही बोललो नाही. ट्रॉलीवर कोण बसले आहे, ते आम्ही दोघेही पाहत होतो.