आडनावातला हरवलेला ‘य’

हजेरी घेताना एका विद्यार्थ्याचं आडनाव मी ‘शुद्ध’ करून वाचलं. पोरगा ओशाळून म्हणाला, “सर, आजोबांपासून आम्ही असंच लावतो.” वर्ग हसला, मी वरमलो.

त्या रात्री स्कॉटलंडमधलं ‘डॅलझिएल’ हे आडनाव आठवलं. लिहायचं असं, अन् म्हणायचं ‘डीएल’! मूळ लॅनार्कशायरमधल्या जागेचं नाव. गेलिक भाषेत ‘पांढरं कुरण’. मधलं अक्षर होतं ‘योख’, उच्चार ‘य’सारखा. छापखान्यात त्याचा खिळा नसे, म्हणून दिसायला जवळचा ‘झेड’ बसवीत. खिळा बदलला, पण घरच्यांच्या तोंडचं नाव टिकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाचं नाव त्याच्याच उच्चारात पुकारलं. ‘हजर’ कसं खणखणीत आलं!