ताट, टीव्ही आणि विसराळू पोट

एक सोपा प्रश्न. परवा रात्री टीव्हीसमोर बसून तुम्ही किती पोळ्या खाल्ल्यात? दोन? तीन? आणि त्यानंतर फरसाणाच्या डब्यात कितीदा हात गेला? नाही ना आठवत? पण त्या एपिसोडमध्ये कोणी कोणाच्या थोबाडीत मारली, हे मात्र बरोब्बर आठवत असेल! टेन्शन नका घेऊ, सगळ्यांचं असंच होतं. पण वजनाच्या काट्याची सगळी गोम या ‘न आठवण्यात’च आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

टीव्ही आणि वजन यांचं साटंलोटं तसं जुनंच. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त नर्सेसवर सहा वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. रोजचा टीव्ही दोन तासांनी वाढला, की लठ्ठपणाचा धोका २३ टक्के आणि डायबेटिसचा १४ टक्के जास्त, असं त्यात दिसलं. आता तुम्ही म्हणाल, बसून राहिलं की होणारच! पण गंमत पुढेच आहे. ऑफिसातलं बसणं दोन तासांनी वाढलं, तर हेच आकडे होते फक्त ५ आणि ७ टक्के. म्हणजे खुर्चीपेक्षा सोफा जास्त महागात पडतो. का? माझ्या मते एक कारण उघड आहे. ऑफिसच्या खुर्चीत मांडीवर चिवड्याचा डबा नसतो, बॉस!

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत यावर एक मस्त प्रयोग झाला होता, २००९ मध्ये. काही तरुणींना दुपारचं सारखंच जेवण दिलं. काहींनी ते टीव्ही बघत खाल्लं, काहींनी टीव्हीशिवाय. नंतर त्यांच्यासमोर बिस्किटं ठेवली. टीव्हीवाल्या मुलींनी ती जास्त खाल्ली, आणि आपण जेवलो काय, हेही त्यांना तितकंसं नीट आठवेना. अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा, की लक्ष दुसरीकडे असलं की आपण त्या वेळी जास्त खातोच, पण नंतर त्याहूनही जास्त खातो. फंडा क्लिअर आहे. पोट भरल्याचा हिशेब नुसतं पोट ठेवत नाही, आठवणही ठेवते. जे जेवण आठवणीत नोंदलंच गेलं नाही, त्याची वसुली नंतर होते. चरकसंहितेनेही न बोलता, न हसता, जेवणात मन ठेवून जेवायला सांगितलंय. (अॅक्शनपट बघताना माणसं जास्त खातात, असा शोध २०१४ मध्ये गाजला होता. तो पेपर २०१८ मध्ये मागे घेतला गेला. तेव्हा हाणामारीवर खापर फोडू नका!)

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली ती आईमुळे. तिची शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाच किलो कमी करा. आई वैतागली. ‘‘अगं, मी खाते तरी काय? दोन पोळ्या नि वाटीभर भात!’’ आणि ती खोटं बोलत नव्हती. ताटात तेवढंच असायचं. पण रविवारी भरलेला चिवड्याचा डबा रिमोटशेजारी असायचा आणि गुरुवारी त्याचा तळ दिसायचा. घरात आम्ही दोघीच. मांजरही पाळलेलं नाही. मी तिला रिकामा डबा दाखवला, तर तिलाच नवल वाटलं!

‘‘मग टीव्ही बंद करून जेवत जा ना,’’ मी म्हटलं.

‘‘आणि बघू कुणाकडे?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा जाऊन दोन वर्षं झालीत. त्याआधी एकतीस वर्षं ती रोज रात्री त्यांच्यासमोर बसून जेवली. मी कामं उरकून घरी पोचते तेव्हा बऱ्याचदा दहा वाजलेले असतात. ‘‘मालिकेतली माणसं रोज वेळेवर येतात तरी,’’ आई म्हणाली. टोमणा नव्हता तो. नुसतं सांगत होती.

डाएटच्या लेखांत हे कुठेच नसतं. ‘जेवताना टीव्ही बंद ठेवा’ एवढंच असतं. पण हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये डबा उघडून शेजारी लॅपटॉप लावणारी माझी मैत्रीण काय, नि पवईत पीजी म्हणून राहणारा मित्र काय, त्यांना वेब सिरीजची तहान लागलेली नसते. एकट्याने जेवायचा कंटाळा असतो. समोर कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. म्हणूनच टीव्ही बंद करायचा निश्चय चार दिवसांत बारगळतो.

मग आम्ही मालिका हलवली नाही, ताट हलवलं. जेवण पावणेआठला, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर. मालिका आठला, हॉलमध्ये. आठवड्यातले तीन दिवस मी त्या वेळी घरी असतेच, फ्रीलान्सर असल्याचा तेवढा तरी फायदा! दोन दिवस शेजारच्या काकू आपलं ताट घेऊन येतात. उरलेल्या दोन दिवशी मावशीचा फोन स्पीकरवर. टीव्हीसमोर खायचंच झालं तर वाटीतून, डब्यातून नाही. आणि तो डबा वरच्या फळीवर.

अमेरिकेत निदान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्यांची एक नोंदवही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्यांतले ६२ टक्के लोक आठवड्याला दहा तास किंवा त्याहून कमी टीव्ही बघत. म्हणजे दिवसाला जेमतेम दीड तास. आईने हे ऐकून लगेच हिशेब केला, ‘‘तीन मालिका बसतात की!’’

चार महिन्यांत तिचं वजन तीन किलोंनी उतरलंय. अर्थात, तिने काकूंबरोबर संध्याकाळचं चालणंही सुरू केलंय, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं हे मी सांगणार नाही. पाचातले दोन किलो अजून बाकी आहेत.

पण गेल्या आठवड्यात जेवताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘आमटीत आज गूळ जरा जास्तच पडलाय, नाही?’’

गेल्या दोन वर्षांत जेवणाच्या चवीबद्दल ती पहिल्यांदाच काहीतरी बोलली होती.